उशीतला खळगा

"तुझ्या फोनमधल्या चाकाला दात किती आहेत?" आमच्या सासऱ्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तेव्हा ते माझे सासरे झाले नव्हते. मी वकीलबाईंच्या ऑफिसात फायली लावायच्या कामावर नुकतीच लागले होते आणि ते आतल्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसून ड्रॉइंग काढायचे. मी म्हटलं, कुठलं चाक? तर म्हणे सेटिंगचं, ते दातेरी. आता त्या चाकाकडे कोण नीट बघतं? त्यांनी माझा फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि मोजले. आठ. वकीलबाईंच्या फोनमध्ये सहा निघाले होते. सहा दातांचं चाक यंत्रात घातलं तर आचके देत फिरेल, ज्याने हे काढलं त्याने उभ्या जन्मात गिअर हातात धरलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मनात म्हटलं, पहिल्याच आठवड्यात हे ध्यान भेटलं, पुढे कसं व्हायचं.

पुढे असं झालं की त्याच ध्यानाच्या घरात मी सून म्हणून गेले. दोन वर्षं त्यांनी मला फायली तारखेप्रमाणे लावताना बघितलं आणि मग घरी जाऊन मुलाकडे विषय काढला. आमच्या सासूबाई आजही सांगतात, यांनी मुलासाठी बायको नाही बघितली, स्वतःच्या ड्रॉइंगांसाठी कारकून बघितली. मी यावर भांडत नाही, कारण त्यात खोटं काही नाही. नवरा शाळेत भूगोल शिकवतो आणि घरात कुणाच्याच बाजूने बोलत नाही, त्यामुळे त्याचं मत कुणी विचारलेलं नाही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, मूळचे पंपाच्या कारखान्यातले. बावीस वर्षं तिथल्या ड्रॉइंग खोलीत उभं राहून त्यांनी पंप काढले. पंप समोर लाकडी ठोकळ्यावर ठेवलेला, आणि हे त्याच्याभोवती फिरून त्याची मापं घेतायत. मग कारखान्याला ड्रॉइंग खोलीची गरज उरली नाही. त्या सुमारास एका पंपाच्या पेटंटचं काम वकीलबाईंकडे आलं होतं, त्यात त्यांनी बाबांचा हात पाहिला आणि बोलावून घेतलं. सुरुवातीला बाटल्यांची झाकणं, खुर्च्यांच्या पाठी, नळाच्या तोट्या असं काम होतं. वस्तूचा नुसता आकार, तिचं दिसणं, हेही नोंदवून आपल्या नावावर राखता येतं, त्याला डिझाइन पेटंट म्हणतात. मग हळूहळू वस्तू कमी झाल्या आणि आयकॉन यायला लागले. स्क्रीनवरची ती नखाएवढी चित्रं. लोक ती नोंदवायला घेऊन येत आणि बाबा ती अर्जासाठी काढून देत, मधूनमधून दुसऱ्या वकिलांच्या ऑफिसांनाही.

आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी विचारतो की चित्रावर कसला आलाय हक्क. उद्या मी घराचं चित्र काढलं तर जगाने घर काढायचं नाही का? बाबा याच प्रश्नाची वाट बघत असतात. लगेच कागद पुढे ओढतात. घर कुणाचंच नाही, पण हे घर, ज्याचं छप्पर असं एका बाजूला कललेलं आहे आणि दार मधोमध नसून कडेला आहे, ते ज्याने पहिल्यांदा काढलं त्याचं. शिवाय चित्र हवेत लटकत ठेवून चालत नाही, ते स्क्रीनवर दाखवावं लागतं. पण स्क्रीन काही आपला नाही. मग स्क्रीनची चौकट तुटक रेषेने काढायची आणि आपलं चित्र सलग रेषेने. सलग ते आमचं. तुटक ते नुसतं समजण्यासाठी दाखवलेलं, त्यावर आमचा दावा नाही. एवढं ऐकून पाहुण्याचा चहा संपलेला असतो आणि तो चपला शोधायला लागतो.

हा माणूस रस्त्याने सरळ चालत नाही. लिफ्टमध्ये दार उघडायचं बटण आणि दार मिटायचं बटण, दोन्हींवर दोन-दोन त्रिकोण. बाबांनी आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभं राहून मोजलं, एकोणीस जणांपैकी अकरांनी धावत येणाऱ्या माणसासाठी दार उघडायचं म्हणून मिटायचं बटण दाबलं. धुलाईयंत्रावरचं टोपल्याचं चित्र दाखवून त्यांनी शेजारणीला विचारलं की यातून तुम्हाला काय कळतं. ती म्हणाली, मला काही कळत नाही, मी तिसरं बटण दाबते. हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं. सासूबाई म्हणतात, लोकांचे म्हातारे देवाला बघतात, आमचे बटणाला. पण मला खरं सांगायचं तर गंमत वाटायची. रोज ज्याला आपण हात लावतो त्याच्याकडे कुणीतरी बघतंय, हे बरं वाटतं.

सिस्टर आल्या त्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सिस्टर म्हणजे खरोखरच्या सिस्टर, सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. भावाच्या मदतीने त्यांनी घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या माणसांसाठी एक ॲप बनवलं होतं: औषध कधी, कूस कधी बदलायची, कोण कधी बघून गेलं. त्यातलं एक चित्र त्यांना नोंदवायचं होतं. टेंपरेचरच्या तक्त्याच्या पाठीवर पेनाने काढून आणलं होतं. एक उशी आणि उशीत डोक्याचा खळगा. बाकी काही नाही.

वकीलबाईंनी विचारलं, याचा अर्थ काय. सिस्टर म्हणाल्या, पेशंट उठलाय. त्यांनी सांगितलं की रात्रपाळीला वॉर्डात शिरल्यावर त्या आधी पेशंट बघत नाहीत, उशी बघतात. उशी फुगलेली असेल तर खाट रिकामी आहे. खळगा असेल आणि माणूस नसेल, तर तो आत्ता उठलाय, पाच मिनिटांत शोधायचा, नाहीतर न्हाणीघरात पडलेला सापडतो. त्यांचे स्वतःचे वडील असेच पडले होते आणि त्या दिवशी उशी बघायला घरी कुणी नव्हतं. बाबा आतल्या खोलीतल्या टेबलावरून उठून कधी आमच्याजवळ आले ते मला कळलंही नाही. त्यांनी तो तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

वकीलबाईंनी जुन्या नोंदी शोधल्या. उश्या पुष्कळ होत्या: चंद्रावर उशी, झोपेची झेड-झेड अक्षरं आणि उशी, नुसती उशी. खळग्याची एकही नव्हती. अर्ज करायचं ठरलं. सासूबाईंना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून त्या महिन्यात बाबा घरीच जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून काम करायचे. चित्र तिथेच झालं. मी ते ऑफिसात नेलं, सिस्टरांनी बघून सही केली, वकीलबाईंनी डोळ्यांखालून घातलं, मी नेहमीचं वाक्य टाइप केलं: तुटक रेषांनी दाखवलेला भाग या हक्काचा भाग नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की झोपेत विचारलंत तरी सांगेन. अर्ज गेला.

पाच महिन्यांनी दोन पत्रं आली, आणि दोन्ही एकाच आठवड्यात. पहिलं सिस्टरांना. हॉस्पिटलच्या खाटा बनवणारी एक मोठी कंपनी होती, तिने आपल्या खाटांच्या स्क्रीनवर खळग्याची उशी बसवली होती आणि वर सिस्टरांनाच कळवलं होतं की आम्ही अर्ज केलाय, तुमच्या ॲपमधून हे चित्र काढून टाका. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. सिस्टर ऑफिसात आल्या तेव्हा पत्र त्यांच्या हातात चुरगळलेलं होतं. त्या म्हणाल्या, मला बाकी काही नको, माझ्या वडिलांची उशी मीच चोरली असं कुणी म्हणायला नको.

वकीलबाईंनी त्यांना धीर दिला, आपला अर्ज त्यांच्यापेक्षा चार महिने आधीचा आहे, तारीख आपल्या बाजूने आहे. आणि दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र आलं, डिझाइन कार्यालयाचं. त्यात अधिकाऱ्याने लिहिलं होतं की या चित्रात नवीन काही नाही. सोबत सहा जुन्या उश्यांची चित्रं जोडली होती, गुबगुबीत, कुठेही दबलेली नाहीत अशी. उत्तराला दोन महिने मुदत.

बाबांचा राग मी पहिल्यांदा पाहिला. ते पत्र त्यांनी घरी आणलं आणि टेबलावर आपटलं. या साहेबाला डोळे आहेत की बटणं? सहाच्या सहा उश्या फुगलेल्या आणि आमच्या उशीत ढळढळीत खळगा, आणि हा म्हणतो फरक नाही. मीही तोंडाला येईल ते बोलले. सरकारी माणूस म्हटलं की आपली जीभ जरा सैलच सुटते. सासूबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, ओरडून काय होणार, त्याने काय बघितलं ते बघा की.

म्हणून बाबांनी स्वतःचं चित्र फायलीतून बाहेर काढलं आणि साहेबाने बघितलं असेल तसं बघायला बसले. म्हणजे आधी वाक्य वाचायचं, मग चित्र. मी समोर भाजी निवडत होते. त्यांचं बोट चौकटीवरून फिरलं, उशीच्या कडेवरून फिरलं, आणि आत येऊन थांबलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी विचारलं, काय झालं? जेवायला बसले तरी ताकास तूर लागू देईनात. भात चिवडून उठले.

सकाळी मी स्वतःच ते चित्र समोर घेतलं. उशीची कड सलग होती. स्क्रीन तुटक होता. आणि खळगा तुटक होता. बारीक, सुबक, एकसारख्या तुकड्यांची रेषा. खाली माझं वाक्य: तुटक रेषांनी दाखवलेला भाग या हक्काचा भाग नाही. आम्ही आमच्याच हाताने लिहून दिलं होतं की खळगा आमचा नाही. मग राहिलं काय, नुसती उशी. आणि नुसती उशी खरंच सगळ्यांची होती. साहेबाने जे लिहिलं ते अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. चार जणांच्या नजरेखालून चित्र गेलं होतं. खळगा सगळ्यांना दिसत होता, म्हणूनच कुणाला चूक दिसली नाही.

ऑफिसात वकीलबाईंनी आधी मला धारेवर धरलं, वाक्य डोळे मिटून टाइप केलंस म्हणून. ते खरंच होतं, मी मान खाली घातली. तेवढ्यात बाबा आतून आले आणि म्हणाले, तिला बोलू नका, रेषा माझी आहे. पंपाच्या कारखान्यात तुटक रेषा वेगळ्या कामाला लागते, हे त्यांनी समजावून सांगितलं. पुढच्या भागाने झाकलेली जी कड समोरून दिसत नाही, ती तुटक काढतात. ती वस्तूचाच भाग असते, फक्त आड गेलेली. उशीकडे समोरून बघितलं तर तिचा पुढचा फुगवटा खळग्याच्या तळाला झाकतो. म्हणून त्यांचा हात तुटक रेषेकडे गेला. वकीलबाईंकडे आल्यापासूनच्या अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

वकीलबाई हुशार. दहा मिनिटं खोलीत येरझाऱ्या घातल्या आणि रस्ता सांगितला. नवा अर्ज करायचा तर तारीख नवी पडणार, म्हणजे खाटवाली कंपनी पुढे आणि सिस्टर मागे, सगळं संपलं. जुन्याच अर्जात रेषा सलग करून मागता येते, कारण खळगा पहिल्या दिवसापासून कागदावर आहे. पण अधिकाऱ्याला पटलं पाहिजे की तो चुकून तुटक झाला, मुद्दाम सोडलेला नव्हता. मग त्या म्हणाल्या, आपण लिहू की फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना रेषेचा प्रकार बदलला. अशा गोष्टी होतात. कुणाचं नाव यायला नको, कुणाला बोलायला नको.

मला ते एकदम पसंत पडलं, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर मी बाबांना तेच सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरासुद्धा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, बाबा, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता. सगळ्या वकिलांच्या ऑफिसांत बातमी जाईल की यांना तुटक आणि सलग कळत नाही. उद्या कोण काम देईल? बाबा ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, कुणाला न सांगता, ते सिस्टरांच्या हॉस्पिटलात गेले आणि त्यांची पाळी संपेपर्यंत बाकावर बसून राहिले.

तिथे काय झालं ते सिस्टरांनीच मला नंतर सांगितलं. बाबा म्हणाले, तुमची उशी माझ्या हातून गेली. सगळं समजावून सांगितलं, सॉफ्टवेअरची पळवाटसुद्धा. सिस्टर आधी संतापल्या. त्या म्हणाल्या, मी तुमच्यावर विश्वास ठेवून सही केली होती. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "वॉर्डात चूक झाली की आम्ही ती आधी लिहून काढतो, मग निस्तरतो. लपवली की पेशंट जातो. तुम्ही लिहून द्या."

बाबांनी वकीलबाईंना सांगितलं, सॉफ्टवेअरचं लिहू नका, मी स्वतः येतो. वकीलबाई वैतागल्या. त्यांचं म्हणणं असं की साहेबाने उलटतपासणी घेतली आणि तुम्ही अडखळलात तर होतं नव्हतं ते जाईल. बाबा म्हणाले, सॉफ्टवेअरला कुणी विचारलं की तुझ्या मनात काय होतं, तर ते काय सांगणार? खळगा हक्कात धरायचा होता, हे फक्त ज्याने काढला तोच सांगू शकतो. वकीलबाईंनी सुनावणी मागणारं पत्र टाइप करायला मला बसवलं.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि भिंतीवर आग लागल्यावर कुठून पळायचं त्याचा तक्ता. बाबा आत शिरल्या शिरल्या त्या तक्त्यावरच्या धावणाऱ्या माणसाकडे बघत उभे राहिले. मी कोपराने ढोसलं तेव्हा बसले. साहेब माझ्या नवऱ्याच्या वयाचे असतील. शांत माणूस. मी त्यांना जे काही बोलले होते ते आठवून मला लाज वाटली. खाटवाल्या कंपनीचं तिथे कुणी नव्हतं, त्यांचा अर्ज आमच्या मागे रांगेत उभा होता, बस्स. सिस्टर टेबलाच्या टोकाला हात बांधून बसल्या होत्या.

बाबांनी एक जुनं पंपाचं ड्रॉइंग नेलं होतं. ते उलगडून त्यांनी आड गेलेली कड दाखवली. म्हणाले, "साहेब, पंपाच्या कागदावर तुटक रेषा म्हणजे आहे, पण दिसत नाही. तुमच्या कागदावर तुटक रेषा म्हणजे दिसतंय, पण आमचं नाही. मी पंपाच्या हाताने उशी काढली." साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

पण साहेब म्हणाले, "या ऑफिसचे मागचे शंभरएक अर्ज मी काढून पाहिले. सगळी चित्रं तुमच्या हातची, एकातही रेषा चुकलेली नाही. मग याच एका चित्रात पंप कसा आठवला?"

प्रश्न सरळ होता. वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. बाबांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला. मग म्हणाले, "बाकीची चित्रं मी चित्रावरून काढली, साहेब. ही समोर उशी ठेवून काढली."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्या घरात राहूनही मला माहीत नव्हतं. सासूबाईंच्या ऑपरेशनला तेवीस दिवस झाले होते. तोवर त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. त्या सकाळी मी ऑफिसला गेलेली, नवरा शाळेत. बाबा स्वयंपाकघरात चहा गाळायला गेले आणि कप घेऊन परत आले तर खाट रिकामी. त्यांनी कप खाली ठेवला. मग दिसलं, सासूबाई खिडकीचा कठडा धरून उभ्या होत्या, पाठमोऱ्या, एकट्या. आणि खाटेवर त्यांची उशी, डोक्याचा खळगा तसाच. बाबांनी ती उशी दोन्ही हातांनी, न हलवता, उचलून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. सिस्टरांचं चित्र शेजारी ठेवलं. आकार सिस्टरांचाच, पण कापड कसं दबतं, कड कुठे आड जाते, ते समोरच्या उशीवरून बघून काढलं. समोर वस्तू ठेवून त्यांनी आयुष्यात फक्त पंप काढले होते. हात तिकडे गेला.

साहेबांनी विचारलं, याला काही आधार आहे का? बाबांनी पाकिटातून पेन्सिलीचा कच्चा कागद काढला. उशी, मापं, वर तारीख. तारीख अर्जाच्या नऊ दिवस आधीची होती. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला आणि कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं. "आज स्वतः उठली," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे काय आहे?"

बाबा म्हणाले, "ते अर्जासाठी नव्हतं, साहेब. खोडायचं राहिलं."

साहेब म्हणाले, खोडू नका. त्यांनी तो कागद पुराव्यात घेतला, त्यावर शिक्का मारला आणि आम्हाला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर सिस्टर बाबांचा हात घट्ट धरून जिना उतरल्या. मी मागून चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. ज्या माणसाला मी तीन वर्षं हसत होते, त्याने हे कुठे दडवून ठेवलं होतं कोण जाणे.

सात आठवड्यांनी आदेश आला. खळगा सलग धरावा, तारीख जुनीच राहील, नोंदणी सिस्टरांच्या नावावर. पंधरा दिवसांत खाटवाल्यांनी आपला अर्ज मागे घेतला आणि त्यांच्या स्क्रीनवर उशीच्या जागी घंटा आली. सिस्टरांचा फोन आला तेव्हा त्या वॉर्डातच होत्या, मागे कुणीतरी खोकत होतं. फक्त म्हणाल्या, राहिली हो आपली उशी. नवरा म्हणाला होता तसं थोडं झालंही. एका ऑफिसाने बाबांकडून काम काढून घेतलं. दोन नवीन ऑफिसांनी दिलं, कारण स्वतःची चूक स्वतः सांगणारा ड्राफ्ट्समन त्यांना हवाच होता.

आदेशासोबत पुराव्याच्या कागदांच्या शिक्का मारलेल्या प्रती होत्या. सासूबाईंनी मला सगळं वाचून दाखवायला सांगितलं. सुनावणीबद्दल बाबांनी घरात एवढंच सांगितलं होतं की झालं एकदाचं, आणि मलाही गप्प राहायला बजावलं होतं. मी आदेश वाचला, चूक वाचली, उशीची हकीगत वाचली, आणि शेवटी पेन्सिलीचा कागद त्यांच्या हातात दिला. बाबा उठून खिडकी पुसायला लागले, जी पुसायची काही गरज नव्हती.

सासूबाईंनी चष्मा लावून ते तीन शब्द वाचले. पुन्हा वाचले. आता त्या मोठ्याने काहीतरी टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होते.

"त्या दिवशी हे आत आले आणि म्हणाले, चहा निवतोय," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, यांच्या लक्षातच आलं नाही."